कंदर्प, कौत्कुच्य आणि माइक

लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आमच्या बसवकल्याणच्या घरांत नाटक म्हणून आलंच नाही, ते कॅसेटवरून आलं. म्हणजे आम्ही तो माणूस आधी पाहिला नाही, ऐकला. आणि ऐकताना हसू यायच्या आधी दचकायला झालं. शाळेच्या पुस्तकात, रेडिओवरच्या बातम्यांत कधी न भेटलेली आपली बोली त्या टेपरेकॉर्डरमधून बोलत होती. आमच्याकडे 'काय करतोस' असं कुणी म्हणत नाही, 'काय करलालास' म्हणतात. 1956 साली राज्यं नव्यानं आखली गेली, आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, उदगीर-निलंगा पलीकडे राहिलं. बोली मात्र कुणाला विचारून थांबत नसते. तेव्हा औरंगाबादचा हा माणूस आम्हाला आमचाच वाटला.

विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवणारे देशपांडे रंगमंचावर एकटे उभे राहत. हाताशी एक उपरणं. त्याचा कधी पदर होई, कधी पटका. तीन तासांत बावन्न पात्रं. खेड्यातलं एक वऱ्हाड विमानानं लंडनला लग्नाला जातं, एवढीच गोष्ट. पुढे गिनीज बुकात त्याची नोंद झाली, 2009 मध्ये ते गेले, आणि आता माजलगावचे संदीप पाठक तोच प्रयोग करतात. हे सगळं आपल्याला माहीत असतं. तरी आज आपल्या घरातली एखादी पोर म्हणाली की मला स्टँडअप कॉमेडी करायची आहे, तर आपण असं तोंड करतो की जणू तिनं चंद्रावर वांगी लावायची परवानगी मागितली. 'हे काय नवीन खूळ?' म्हणून विचारतो. नवीन त्यात फारसं काही नाही. एक माणूस, समोर माणसं, आणि मध्ये फक्त बोलणं. आपल्या भागात तर याची जुनी पेठ आहे.

नवीन आहे ते 'मी'. एवढा फरक समजून घेतला पाहिजे, नाहीतर या मुलींच्या अडचणी कळणार नाहीत. एकपात्री प्रयोगात माणूस पात्रांच्या आड उभा असतो. पु. ल. देशपांड्यांनी 1961 मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्यानं रंगमंचावर उभी केली तेव्हा हसणं चाळकऱ्यांवर गेलं, पु. लं.च्या घरापर्यंत कुणी पोचलं नाही. (ते काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायला होते, हे सीमाभागातल्या आम्हा लोकांना उगाच अभिमानानं सांगावंसं वाटतं.) स्टँडअपमध्ये आड उभं राहायला चाळ नसते, वऱ्हाड नसतं. 'माझी आई', 'माझा नवरा', 'आमच्या समाजात' अशी सुरुवात करून माणूस स्वतःच्या नावानं बोलतो. मराठीत याच्या सगळ्यांत जवळ गेले ते राम नगरकर. सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेला हा माणूस 'रामनगरी'त आपल्या न्हावी जातीबद्दल, गरिबीबद्दल, संसाराबद्दल बोलला. पुस्तक झालं, एकपात्री झालं, 1982 मध्ये अमोल पालेकरांना घेऊन सिनेमा झाला. नगरकर स्वतःला हसतात, पण ऐकणाऱ्याला हळूहळू कळतं की वस्तरा आपल्याच गालावरून फिरतो आहे. जॉनी लिव्हर हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात कामगार असताना साहेबांच्या नकला करायचे, त्यातूनच ते नाव पडलं. या दोघांची सुरुवात सारखी आहे: जिथे रोज उभे होते तिथलंच बोलले.

आता आमच्या पेठेबद्दल. इथे हसण्याच्या तीन भाषा आहेत. मराठीचं सांगितलं. दुसरी दखनी. आमच्या शेजारच्या चिटगुप्प्याचे सुलेमान खतीब, पुढे गुलबर्ग्यात राहिलेले, मुशायऱ्यात दखनी कविता वाचायचे आणि मंडप लोळायचा. पगाराच्या दिवशी नवरा-बायकोत काय होतं यावरची त्यांची 'पहली तारीख' आजही लोक एकमेकांना ऐकवतात. त्या दखनीत मराठी शब्द इतके सहज येतात की उर्दू न येणाऱ्या बायकाही ओट्यावर बसून हसतात. तिसरी कन्नड. गंगावतीचे प्राणेश जत्रेच्या, गणपतीच्या मांडवात तासन्‌तास उभे राहून बोलतात. बीची या कन्नड विनोदी लेखकाचा वारसा ते सांगतात, लोक त्यांना 'अभिनव बीची'च म्हणतात. बोली उत्तर कर्नाटकाची, विषय घरातले, आणि समोर आजोबापासून नातवापर्यंत सगळे.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे, ती मला फार दिवस खटकते. हसणं बाईच्या आवाजातलं आणि माइक पुरुषाच्या हातात. देशपांडे उपरण्याचा पदर करून म्हातारी उभी करतात तेव्हा ती अशी हुबेहूब असते की आपल्या घरातली कुणीतरी आठवतेच. खतीबांच्या कवितेतली बाई नवऱ्याला जे सुनावते ते कुठल्यातरी खऱ्या बाईनं खऱ्या स्वयंपाकघरात सुनावलेलं असणार. तमाशातली गवळणींची मावशी तर पुरुषच. म्हणजे माल आपला आणि दुकान दुसऱ्याचं. मी या कलावंतांना दोष देत नाही. त्यांचे कान चांगले होते म्हणून त्यांनी ऐकलं. पण ज्यांच्याकडून ऐकलं त्या कुठे गेल्या?

त्या लग्नघरात होत्या. विहिणीच्या पंगतीत, रुखवताभोवती, हादग्याच्या फेरात. व्याह्यांना गाण्यातून घातलेल्या शिव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना 'रोस्ट' हा शब्द शिकवायची गरज नाही. मारवाडी जैन घरांत तर त्याची वेगळी गाणीच असतात, आणि ज्या बायका एरवी मान वर करत नाहीत त्या तिथे वराच्या आत्याची अशी हजेरी घेतात की आत्या लाजून हसते. या हसण्याला एक कुंपण होतं: फक्त बायका, फक्त त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सगळ्या गप्प. आमच्या गावाला याची साक्ष फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. राजानं मन कशाकशात रमवावं याची त्यात मोठी यादी आहे, शेकडो वर्षांपूर्वीच्या करमणुकीचा कोशच. त्यातच हेही नोंदवलं आहे की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. राजाच्या करमणुकीला सभा होती, बाईच्या ओवीला मुसळ. कल्याणीच्याच ग्रंथात ही दोन्ही शेजारी सापडावीत याचं मला नेहमी नवल वाटतं.

कन्नड बाजूला हे कुंपण थोडं मोडलं आहे. सुधा बरगूर, इंदुमती सालिमठ या बायका हास्यकार्यक्रमांतून माइक घेऊन बोलतात, साडी नेसून, घरातल्याच विषयांवर. मांडवात बसलेल्या पुरुषांना त्यात काही वावगं वाटत नाही. मराठीत दूरदर्शनच्या विनोदी कार्यक्रमांनी श्रेया बुगडे, नम्रता संभेराव, वनिता खरात अशा जबरदस्त नट्या दिल्या, पण ती प्रहसनं आहेत, लिहिलेली पात्रं आहेत. एकटी बाई स्वतःच्या नावानं उभी राहून मराठीत अर्धा तास बोलते आहे असं चित्र अजून तुरळक. 2016 मध्ये निघालेल्या 'भाडिपा'नं मराठी स्टँडअपला तरुणांत जागा करून दिली, हे त्यांचं श्रेय. इंग्रजी-हिंदीत मात्र मुली पुढे गेल्या. अदिती मित्तल यांचा कार्यक्रम 2017 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. मुंबईच्या उरूज अशफाकला 2023 मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात उत्तम नवोदिताचं पारितोषिक मिळालं. तिथे जगभरचे हसवणारे येतात.

हे सगळं मी अभ्यास म्हणून करत नव्हते. माझ्या नात्यातली एक मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिनं मला तिची पहिली पाच मिनिटं मोबाइलवर पाठवली आणि लिहिलं, 'आत्या, खरं सांग. आईला दाखवू नको.' पहिली पाच मिनिटं म्हणजे काय ते आधी सांगते. शहरांत कॅफेच्या मागच्या खोलीत, एखाद्या छोट्या सभागृहात 'ओपन माइक' असतो. नाव नोंदवायचं, आपली पाळी आली की चारपाच मिनिटं बोलायचं. वेळ संपत आली की मागून दिवा दाखवतात. समोर पंधरावीस माणसं, त्यातली निम्मी आपल्या पाळीची वाट बघणारी, म्हणजे हसायला अजिबात उत्सुक नसलेली. जोक पडला तर शांतता इतकी की पंख्याचा आवाज येतो. मग घरी जाऊन तेच पुन्हा लिहायचं, शब्द कापायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खोलीत पुन्हा तेच बोलायचं. रोज नवीन सांगायचं नसतं, तेच घासायचं असतं. पोळीचं पीठ मळण्यासारखं आहे. नवख्या मुलांचं चुकतं ते इथे. ती पहिल्याच महिन्यात प्रेक्षकांतल्या कुणालातरी पकडून 'तुम्ही काय करता' सुरू करतात, कारण त्याचा तुकडा मोबाइलवर लवकर पसरतो. लिहायचं राहून जातं.

आमच्या मुलीनं लिहिलं होतं. पाच मिनिटांत साडेतीन मिनिटं बटाटा. जैनांना बटाटा चालत नाही, कांदा चालत नाही, जैन पावभाजीत मग काय असतं, पश्चात्ताप असतो का वगैरे. लोक हसले. मी दोनदा ऐकलं आणि मला कंटाळा आला. बटाटा हा आपल्यावर दुसऱ्यांनी केलेला विनोद आहे. ऑफिसच्या डब्यात, हॉस्टेलच्या मेसमध्ये आपण तो जन्मभर ऐकतो. तिनं तो उचलून परत त्यांनाच वाढला. त्यात आपल्या घराचा वास नव्हता, कुठल्याही गावच्या कुठल्याही माणसानं तो सांगितला असता. देशपांड्यांच्या वऱ्हाडाची आठवण मला त्या वेळी झाली. खेडवळ माणूस विमानात बसला तर काय गंमत होईल, हा विनोद शहरातला माणूसही करू शकतो आणि करतोच. पण त्यात विमान हसण्याजोगं दिसायला लागतं ते फक्त आतल्या माणसाच्या हातून. आमच्या गावी ती कॅसेट ऐकताना आम्ही विमानाला हसायचो. मोठ्या शहरांत लोक कदाचित धोतराला हसले असतील. एकच वाक्य, दोन हसणी. सुरुवात करणाऱ्यानं हे आधी ठरवायला हवं की आपण कुठल्या बाजूनं उभे आहोत.

पण पाचव्या मिनिटाला, दिवा दाखवल्यावर, घाईघाईत ती एक वाक्य बोलून गेली. म्हणाली, 'आमची काकी अष्टमी-चतुर्दशीला हिरवं काही खात नाही. सून मात्र रोज चालते.' खोलीतली तिघंचौघंच हसली, बाकीच्यांना अष्टमी-चतुर्दशी म्हणजे काय तेच माहीत नसणार. मी मात्र एकटी बसून मोठ्यानं हसले आणि मग गप्प झाले. कारण काकी कोण ते मला माहीत आहे. सून कोण तेही.

इथून पुढचं मला आपल्या वाचक बायकांशी बोलायचं आहे, कारण हा प्रश्न तुमच्याही घरात आज ना उद्या येणार आहे. ते वाक्य तिनं बोलावं की नाही?

कुणी म्हणेल, आपला धर्म हसायलाच नको म्हणतो. तसं वरवर दिसतंही. हास्य हे नऊ नोकषायांत मोजलं आहे, भय, शोक, जुगुप्सा यांच्या पंगतीत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत, त्यांत क्रोध, लोभ, भय यांच्याबरोबर हास्याचाही त्याग आहे. आणि त्याच अध्यायात पुढे श्रावकाच्या अनर्थदंडव्रताचे अतिचार येतात: कंदर्प, कौत्कुच्य, मौखर्य आणि आणखी दोन. कंदर्प म्हणजे चेकाळून केलेली अश्लील थट्टा. कौत्कुच्य म्हणजे तीच थट्टा अंगविक्षेप करून. मौखर्य म्हणजे उगाच केलेली बडबड. स्वाध्यायात हे तीन शब्द आपण इतक्यांदा वाचतो की त्यांच्याकडे लक्षच जात नाही. आजच्या नवख्या मुलांचे कार्यक्रम लागोपाठ बघा मग लक्ष जाईल. आधी शरीरावरची थट्टा, मग ती हातवाऱ्यांनी करून दाखवणं, आणि मधली मिनिटं भरायला बडबड. एवढी नेमकी समीक्षा मी आजच्या कुठल्या पेपरात वाचलेली नाही.

पण त्या व्रताचं नाव काय आहे तेही बघा. अनर्थदंड. ज्या दंडाला, ज्या दुखावण्याला काही अर्थ नाही, प्रयोजन नाही, तो टाळा. गृहस्थानं चूल पेटवायची नाही असं कुणी म्हणत नाही. उगाच पेटती ठेवू नका म्हणतात. पाणी गाळून घ्या म्हणतात, पिऊ नका म्हणत नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे विनोदालाही हीच चाळणी लागते. लठ्ठ माणसावरचा जोक, काळ्या मुलीवरचा जोक, तोतऱ्याची नक्कल यातून निघतं काय? काही नाही. म्हणून तो अनर्थदंड. काकीच्या वाक्यातून काहीतरी निघतं. ताटातल्या हिरव्या पानाची हिंसा मोजणारी आपली घरं सुनेशी बोलताना मोजमाप विसरतात, हे प्रवचनातून सांगितलं तर आपण मान डोलावतो आणि घरी येऊन विसरतो. विनोदातून सांगितलं की विसरता येत नाही. मी स्वतः ते वाक्य ऐकून आठवडाभर विसरले नाही.

सत्याची भावना मात्र मला अधिक अवघड वाटते. हसवण्याच्या नादात माणूस खोटं बोलतो, म्हणूनच हास्य सोडायला सांगितलं असणार. आणि हा धंदा तर 'हे खरंच घडलं हं' या वाक्यावरच चालतो. अमेरिकेतले हसन मिन्हाज आपल्या मुसलमान घराबद्दल, भोगलेल्या भेदभावाबद्दल बोलून मोठे झाले. 2023 मध्ये 'न्यूयॉर्कर'नं छापलं की त्यांच्या गोष्टींतले कित्येक प्रसंग तसे घडलेच नव्हते. त्यांनी बचाव केला की भावना खरी होती. मला तो बचाव पुरेसा वाटत नाही. विमानातल्या वऱ्हाडाची गोष्ट रचलेली आहे हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं, तिथे फसवणूक नाही. पण 'मी' म्हणून स्वतःचं दुःख सांगायचं आणि ते उसनं निघायचं, ही गोष्ट वेगळी. आमच्या मुलीला मी पहिलं विचारलं ते हेच, की काकी खरी का. ती म्हणाली, 'आत्या, तुला माहीतंय की.'

आता दुसरा धोका, जो फक्त मुलींना आहे. नव्यानं उभी राहणारी मुलगी आधी स्वतःलाच हसते, कारण त्यात कुणी रागावत नाही. माझं वजन, माझा रंग, माझं लग्न जमत नाही. दूरदर्शनवरच्या विनोदातही बाईच्या अंगाकडे बोट दाखवून हशा घेणं अजून सर्रास चालतं, आणि हसून ते सोसणारी बाई 'खिलाडू' ठरते. ऑस्ट्रेलियाच्या हॅना गॅड्सबी यांनी 2018 च्या 'नॅनेट' या कार्यक्रमात रंगमंचावरच सांगून टाकलं की असल्या विनोदाला आता त्या रजा देतायत. जो आधीच खाली बसवलेला आहे त्यानं स्वतःला आणखी खाली ओढणं ही नम्रता नाही, अपमान आहे, असा त्यांचा मुद्दा. राम नगरकर स्वतःला हसले तेव्हा हसणाऱ्याला जात नावाची गोष्ट दिसली. मुलगी स्वतःच्या वजनाला हसते तेव्हा फक्त तिचं वजन दिसतं. बटाट्याचंही तेच.

आणि समाज? खरं घोडं इथे पेंड खातं. आपण अहिंसेचे लोक, वर्षातून एकदा हात जोडून सगळ्यांकडे क्षमा मागतो. पण 2016 मध्ये तरुणसागर महाराजांचं हरयाणा विधानसभेत प्रवचन झालं, त्यावर संगीतकार विशाल ददलानी काही बोलले, तेव्हा काय झालं ते आठवा. बोलणं असभ्य होतं, मला आवडलं नव्हतं. त्यांनी माफी मागितली, महाराजांनी राग धरला नाही. तरीही गुन्हा नोंदला गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन 2025 मध्ये मिटलं. ज्यांचा अपमान झाला त्यांनी सोडून दिलेली गोष्ट नऊ वर्षं चालली. आणि गंमत अशी की तरुणसागर महाराज स्वतः 'कडवे प्रवचन' करणारे. सासू-सून, लोभी व्यापारी, दिखाऊ दाता यांच्यावर ते असे बरसायचे की मंडप हसून हसून गार. आपण हसलोच ना तेव्हा? मुनींनी सांगितलेलं चालतं, सुनेनं सांगितलेलं चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बाहेरचं जग तर याहून कडक आहे. मुनव्वर फारुकी 2021 च्या 1 जानेवारीला इंदूरमध्ये पकडले गेले आणि महिन्याहून अधिक तुरुंगात राहिले. या वाटेला लागणाऱ्या पोरीनं हे ओळखूनच लागावं, आणि आपण निदान घरच्या घरी तिला आरोपी करू नये.

व्यासपीठ आपल्या बायकांना नवं आहे असंही नाही. सोलापूरच्या श्राविकाश्रमातून पंडिता सुमतीबाई शहांसारख्या विदुषी उभ्या राहिल्या, त्यांचं शास्त्र ऐकायला पुरुष खाली बसले. त्या काळी 'बाईनं शास्त्र सांगायचं?' म्हणून नाकं मुरडली गेलीच असतील. शास्त्र सांगणं आणि हसवणं एका मापाचं नाही, मान्य. पण मुरडलेलं नाक तेच आहे.

मुलीला मी काय लिहिलं ते सांगते, कारण आपण सल्ला मागितल्यावर 'छान आहे, पण जपून' एवढंच लिहितो आणि त्याचा कुणाला उपयोग नसतो. लिहिलं की बटाटा काढ. काकी ठेव, पण शेवटी नको, सुरुवातीला घे, आणि अष्टमी-चतुर्दशी म्हणजे काय ते आधी एका वाक्यात सांग, म्हणजे पुण्याच्या मुलांनाही कळेल. काकीची नक्कल करू नको, तिचा आवाज काढू नको, कौत्कुच्य होईल. फक्त तिचं ताट दाखव. मग मुलगी बघायला आलेले पाहुणे घे, ते 'रात्री जेवते का?' असं विचारतात तेव्हा पोटाची चौकशी करत नसतात. मग तुझी आजी, जी पर्युषणात मौन धरून हातानं अख्खं घर चालवते, आणि मौन सुटल्यावर आम्हा सगळ्यांना वाटतं की हातच बरे होते. आणि पुण्याचं मराठी बोलू नको. 'काय करलालास' म्हण. दोन जण हसतील, त्यांना हसू दे. तिसऱ्या वेळी ते कशाला हसत होते ते बाकीच्यांना कळेल.

तिनं उलट लिहिलं की आई-काकी दोघींना बोलवू का, हैदराबादला शनिवारी एक कार्यक्रम आहे, तिथे मराठी माणसंही येतात. सस्तापूर बंगल्यावर बस मिळते, काही अवघड नाही. मी विचारलं, किती वाजता? साडेआठला सुरू. म्हणजे काकीचं जेवण दिवस मावळायच्या आत, बसमध्ये, डब्यातून. डबा कोण करणार, तर सून. मी तिला कळवलं की हे वाक्यही लिहून ठेव, आणि सुनेचं तिकीट आधी काढ.